डावऱ्या हाताचा खटका

उस्तादांनी एक अख्खा महिना उजवा हात गळ्यात बांधून काढला. हात मोडला नव्हता, मुरगळला नव्हता, साधा दुखतसुद्धा नव्हता. बायकोच्या जुन्या ओढणीची झोळी करून त्यांनी तो स्वतःच बांधला, म्हणजे डाव्या हातानं आणि दातांनी, आणि सकाळी शस्त्रागाराचं कुलूप उघडायला उभे राहिले. किल्ली तीनदा खाली पडली. पहाऱ्यावरचा शिपाई मदतीला धावला, तर त्याला म्हणाले की लांब हो, मी आजपासून डावरा आहे.

याला कारण मी होते. म्हणजे जन्माची डावरी मी, आणि हात बांधून घेतला त्यांनी.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या पोलीस मैदानावर ते शस्त्रं दुरुस्त करायचे आणि आम्हाला ती चालवायलाही शिकवायचे. शिकवणाऱ्याला आमच्यात उस्तादच म्हणतात. त्यांचं खरं नाव मी पहिल्या वर्षात एकदाच ऐकलं असेल. शिरड शहापूरच्या बाजूच्या एका तांड्यावरचे, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या आणि भुवया मात्र काळ्याभोर. खाकी शर्टाच्या खिशात पेन नसायचं. बोटाएवढी कानस असायची आणि खडीसाखरेची पुडी. पुडीतली खडीसाखर ते कुणाला देत नसत. कानस मात्र कुणी मागितली नाही तरी बाहेर यायची.

जगातली कुठलीही वस्तू हाताला लागली, टोचली, खुपली, की उस्तादांना चैन पडत नसे. आमच्या बायकांच्या खोलीच्या दाराची कडी बोटावर बसायची. आम्ही सगळ्याजणी दोन वर्षं बोटं चोळत जात होतो. त्यांच्या कानावर गेलं तसं त्यांनी दुपारी येऊन कडीच बदलली आणि आम्हालाच रागावले की तुमी बोललात काहून न्हाई. मैदानासमोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले की कपाच्या कानाला धार आहे म्हणून तिथंच घासायला बसायचे. हॉटेलवाल्यानं त्यांच्यापुरता एक स्टीलचा ग्लास वेगळा ठेवला होता, कप वाचावेत म्हणून. एसटीच्या खिडकीची काच वर सरकत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही, साहेबांच्या टेबलाचा खण अडकतो, या सगळ्यात त्यांना कुणाची तरी चूक दिसायची आणि ती चूक कधीही हाताची नसायची. त्यांचं म्हणणं असं, की माणसानं वस्तूपुढं नमतं घेतलं की वस्तू शेफारते.

पिस्तूल हातात घेतलं की आधी वास घ्यायचे. वासावरून ते कुणी पुसलंय हे सांगायचे, आणि दहातून आठ वेळा बरोबर सांगायचे. उरलेल्या दोन वेळा ज्याचं नाव घेतलं त्यालाच शिव्या बसायच्या, कारण उस्तादांना चूक कबूल करण्याची सवय नव्हती. हा दुर्गुण मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलंच सांगणार आहे.

आता माझं. माझे बाबा वसमतजवळच्या हट्टा गावात गवंडीकाम करायचे. मला नोकरी लागली त्या दिवशी आईनं बुद्धापुढं पंचशील म्हटलं, खीर केली आणि बाबांनी एक गोष्ट सांगितली. साहेबानं विचारलं, कसं चाललंय, तर बराबर चाललंय म्हणायचं. कामावर कुरकुर करणाऱ्याला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मी ती गोष्ट गाठीला बांधली. बूट एक नंबर मोठे आले, बराबर आहेत. सणाला सुट्टी मिळाली नाही, बराबर आहे. माझ्याइतकी सोयीची शिपाई साहेबांना दुसरी मिळाली नसेल.

त्या वर्षी एका सशस्त्र पथकात पहिल्यांदाच बायकांना घेणार होते. मला त्या पथकात जायचं होतं. यात्रेत दोरी धरून उभं राहणं आणि ठाण्यात बाईमाणसाची झडती घ्यायला बसणं, एवढ्यासाठी मी पहाटे चारला उठून धावले नव्हते. परीक्षा सोपी दिसायची. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, सेफ्टीचा खटका अंगठ्यानं खाली ढकलायचा आणि ठरल्या वेळात पाच गोळ्या मारायच्या. संधी तीन.

आमच्या जुन्या पिस्तुलाचा तो खटका एकाच अंगाला होता, डाव्या. उजव्या हातात धरणाऱ्याच्या अंगठ्याखाली तो आपसूक येतो. मी डाव्या हातात धरलं की माझा अंगठा यायचा उजव्या अंगाला, आणि तिथं नुसतं लोखंड. मग दुसरा हात आणा, खटका पाडा, पुन्हा पकड नीट करा, तोवर शिट्टी वाजलेली. पहिल्या वेळी तीनच गोळ्या गेल्या. दुसऱ्या वेळी साहेबांच्या सांगण्यावरून उजव्या हातानं मारल्या. पाचही गेल्या, पण कुठं गेल्या ते कुणालाच कळलं नाही. साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का. मी म्हणाले, नाही साहेब, बराबर आहे.

उस्ताद मागं उभे होते. संध्याकाळी मी शस्त्र जमा करायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात त्यांच्या पेटीचं कुलूप दिलं आणि उघड म्हणाले. मी उघडलं.

“कोणत्या हातानं काढलं, बाई?”

मी हात मागं घेतला. चोरी पकडल्यासारखं वाटलं. ते म्हणाले की नेम तुझा चांगला आहे, खटका तुझा नाही. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात.

तो महिना मैदानावर सगळ्यांच्या लक्षात आहे. तांड्यावरून येताना एसटीत कंडक्टरनं त्यांना अपंगांच्या जागेवर बसवलं, तर हे वसमतपर्यंत त्याच्याशी भांडत आले की मी अपंग नाही, डावरा आहे. भावकीच्या लग्नात पंगतीत डाव्या हातानं जेवायला बसले. दोन म्हातारे पानावरून उठले. शेवटी उस्तादांच्या बायकोनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हात ठीक हाय, डोस्कं फिरलंय. रोज सकाळी ते मला गाठून आदल्या दिवशीचा अहवाल द्यायचे. कात्री उलटी चालते. मोटारसायकलचा ब्रेक उजव्या मुठीत असतो. घड्याळाची किल्ली भलतीकडं असते. तू सव्वीस वर्षं हे कसं सोसलंस, असं विचारायचे. मी म्हणायचे, ध्यानातच आलं नाही. यावर ते इतके खिन्न व्हायचे की मलाच त्यांची समजूत घालावी लागायची.

खरं सांगायचं तर मला तेव्हा लाजच वाटायची. माझ्यामुळं एक म्हातारा माणूस हसं करून घेत होता, आणि सगळ्यांना माझं डावरेपण कळलं होतं ते वेगळंच.

त्याच सुमारास वरून तीन नवी पिस्तुलं नमुन्यादाखल आली. कुठलं घ्यायचं याचं मत कळवायचं होतं. सोबतच्या फॉर्मात एक रकाना होता, डावखुऱ्यांची सोय. साहेबांनी परेडला विचारलं, डावरे कोण कोण आहेत, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग मी केला, तोही उजवा.

तिन्ही पिस्तुलांना सेफ्टीचा खटका दोन्ही अंगांना होता. एकाचा बारीक, एकाचा मधला, एकाचा जाड. बारीक खटक्यावरून घामेजलेला अंगठा सटकायचा. मधल्याच्या दोन बाजू एका लहानशा खिळीनं आतून जोडलेल्या होत्या. उस्तादांनी तो कानाशी धरून वरखाली केला आणि सांगितलं की खिळी ढिली आहे, सहा महिन्यांत डुगडुगेल. राहिला जाड. तो साहेबांनाही पसंत होता, कारण दिसायला भारी होता. कंपनीचा माणूस तर त्याचीच तारीफ करत होता. अंगठा त्यावर झकास बसायचा. पण डावऱ्या माणसाचा अंगठा एका अंगाला असतो तेव्हा पहिल्या बोटाचं मूळ दुसऱ्या अंगाला असतं, आणि तिथंही तोच जाड खटका असतो. त्या अंगाला तो जरा खाली बसवलेला, म्हणून डावऱ्याच्या बोटाला घासतो, उजव्याच्या नाही. झटका बसला की बोट त्याला वर ढकलतं आणि पिस्तूल पुन्हा बंद होतं.

हे मला आज इतकं स्पष्ट सांगता येतंय. तेव्हा मी बोलले नाही.

नमुन्यांना रोज हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून उस्तादांनी बाभळीच्या लाकडाची पिस्तुलं कोरली. खटके कशाचे करायचे यावर दोन दिवस विचार केला आणि वसमतच्या बाजारातून पिशवीभर हळकुंडं घेऊन आले. वाळलेलं हळकुंड दगडासारखं टणक असतं, कानशीला छान येतं, आणि मुख्य म्हणजे घामाच्या हाताला जिथं जिथं घासेल तिथं पिवळा डाग पडतो. हे डोकं त्यांचंच. तिन्ही तऱ्हेचे खटके त्यांनी हुबेहूब कोरून बसवले. मी रोज शंभर वेळा ते लाकूड कमरेतून काढायचे आणि खटका पाडायचे. सोबतच्या पोरी म्हणायच्या, हळद तर लागली, नवरा कुठाय.

आठवड्यानं त्यांनी विचारलं, जाड कसा आहे. अंगठ्यावर पिवळा डाग होता तो मी दाखवला. बोटाच्या मुळाशी त्याहून मोठा होता. तो मी नळावर साबण आणि नारळाच्या शेंडीनं घासून आले होते. एक तर हा माणूस महिनाभर हात बांधून फिरला होता आणि जाडच बरा, असं त्याचं मत ठरलं होतं. दुसरं, साहेबांची पसंती सगळ्यांना ठाऊक होती आणि माझी तिसरी परीक्षा त्यांच्याच हातात होती. पहिलं कारण मी स्वतःला सांगितलं. दुसरं खरं होतं.

“बराबर हाय, उस्ताद.”

त्यांनी माझा हात धरून उन्हाकडं वळवला, थोडा वेळ पाहिला आणि सोडून दिला. हळद साबणानं इतक्या लवकर निघत नाही, हे हळदीच्या वसमत भागात जन्मलेल्या मला कुणी सांगायला नको होतं.

परीक्षा आणि नमुन्यांची चाचणी एकाच दिवशी ठेवली होती, म्हणजे गोळ्या नमुन्याच्या पिस्तुलानंच मारायच्या होत्या. माझा नंबर आला. जाड खटक्याचं पिस्तूल मी होल्स्टरमधून काढलं, अंगठा खाली, पाच गोळ्या, पाचही लक्ष्यावर. बोटाला काहीच लागलं नाही. खटका वर गेला नाही. मला वाटलं, मी उगाच भीत होते. साहेबांनी पाठ थोपटली नाही, पण मान डोलावली. मी पथकात आले होते. त्या रात्री बाबांना फोन केला तर ते बोलेनात. आई म्हणाली, रडून राहिले.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं. नमुने परत बांधताना कंपनीच्या माणसाला दिसलं की जाड खटक्याची डावी बाजू कुणीतरी कानशीनं घासून पातळ केलीय. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. उस्ताद आधीच तिथं उभे होते. त्यांनी लिहून दिलं होतं की मला कुणी सांगितलं नाही, मी माझ्या मनानं घासला, कारण डावऱ्याला तो त्या अंगाला पातळच पाहिजे. सोबत दोन पानांची टिपणी होती, कुठला खटका कुठं घासतो याची, चित्रांसकट. खाली मत होतं, तिन्ही नमुने डावऱ्यांना अपुरे, खटका अंगठ्याकडं रुंद आणि बोटाकडं पातळ असावा, आणि ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणं बदलता यावा.

साहेब माझ्याकडं वळले. त्यांनी सरळ विचारलं, तुला त्या खटक्याची काही तकलीफ होती का.

प्रश्न एवढाच होता. हो म्हणाले असते तर उस्तादांच्या कानशीला कारण मिळालं असतं. पण मग त्यांनी घासून दिलेल्या पिस्तुलामुळंच मी पास झाले, हेही निघालं असतं. माझी निवड गेली असती, चौथी संधी नव्हती. फोनवर न बोलणारे बाबा माझ्या डोळ्यांपुढं होते. उस्ताद माझ्याकडं बघत नव्हते, ते खिडकीच्या गजाकडं बघत होते.

“न्हाई साहेब. बराबर होता.”

लिहून घेणाऱ्या हवालदारानं त्याचं ‘समाधानकारक’ केलं. मी सही केली. माझ्या जबाबानंतर उस्तादांच्या दोन पानांना काही अर्थच उरला नाही. ती काढून ठेवली गेली. फॉर्माच्या रकान्यात गेलं, डावखुऱ्यांची तक्रार नाही. आणि उस्तादांना लेखी ताकीद मिळाली, कारण एका लहरी माणसानं विनाकारण सरकारी नमुना खराब केला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच लेखी काही मिळालं, तेही निवृत्तीला चार महिने असताना.

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते चार महिने माझ्याशी आधीसारखेच बोलत राहिले. पकड सैल कर, श्वास सोड, कोपर बघ. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसले आणि चहा न घेता निघून आले.

मग एक दिवस नवी पिस्तुलं आली. जाड खटक्याची, दोन्ही अंगांना. कागदावर सगळ्यांची सोय झाली होती. मी ते आठ महिने कमरेला बाळगलं. बोटाच्या मुळाशी आधी फोड आला, मग घट्टा पडला. सरावात दोनदा खटका आपोआप वर गेला आणि पिस्तूल बंद पडलं. सराव होता म्हणून निभावलं. त्या वर्षीच्या भरतीत एक नवी पोरगी आली, सेनगावकडची, डावरी. तिच्या बोटाला चिकटपट्टी दिसली म्हणून मी विचारलं, तर टाचा जुळवून म्हणाली, काही नाही मॅडम, बराबर आहे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटली, आणि ती पहिल्यासारखी डावरेपणाची लाज नव्हती.

रविवारी मी तांड्यावर गेले. उस्ताद घरापुढच्या लिंबाखाली बसून कुणाच्या तरी विळ्याची मूठ घासत होते. गावातल्या बायका आता त्यांच्याकडं विळे-खुरपी घेऊन येतात, असं त्यांच्या बायकोनं चहा देताना सांगितलं. मी वाटेत सगळं पाठ करून गेले होते. उस्ताद, त्या दिवशी साहेबांपुढं मी, एवढंच म्हणाले. त्यांनी पुढचं ऐकून घेतलंच नाही. विळा खाली ठेवला, चष्मा लावला आणि माझा डावा हात ओढून घेतला.

“जाडच आला म्हण.”

“व्हय.”

“किती महिने?”

“आठ. आन आता अजून एक पोरगी हाय, माझ्यासारखी.”

घट्ट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, अशी माझी इच्छा होती. ते उठून आत गेले आणि वही घेऊन आले. नेमकं कुठं लागतं, म्हणाले. किती गोळ्यांनंतर, उभं असताना का गाडीत बसल्यावर, घाम आल्यावर का कोरडंच. मी सांगत गेले. सुरुवातीला शब्द सापडत नव्हते, स्वतःच्या हाताबद्दल मी कुणाशी एवढं कधी बोललेच नव्हते. मग थांबवेना. त्या पोरीच्या बोटाचं सांगितलं, दोनदा खटका वर गेल्याचं सांगितलं, आणि नळावर साबणानं घासलेल्या डागाचंही सांगितलं. ते सगळं लिहीत होते. डाग वगैरे आलं तेव्हाही मान वर केली नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या कागदावर त्याचा अर्ज केला. वरच्या कार्यालयाला. त्यात मी चाचणीच्या वेळी दिलेला जबाब चुकीचा होता आणि मी तो मागं घेते, हेही होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. चौकशी लागणार, पथक कदाचित जाणार. आपलं नाव त्यांनी कुठंच घातलं नव्हतं. ताकीद मिळालेल्या माणसाची साक्ष तुला जड जाईल, म्हणाले. पेन माझ्यापुढं ठेवलं आणि विळा पुन्हा हातात घेतला, मी काय करते ते बघायचं नाही म्हणून.

मी सही केली. पेन डाव्या हातात होतं, शाई अजून ओली होती आणि माझीच करंगळी तिच्यावरून गेली.

कागद त्यांच्याकडं सरकवला तसं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, बराबर वाटून राहिलं ना?”

“न्हाई, उस्ताद,” मी म्हणाले. “लई भेव वाटून राहिलं.”

त्यांनी खिशातली पुडी काढली, एक खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि अर्जाची घडी घालायला घेतली.